दहा हजारांचा इतिहास, एकाची बखर

#इतिहासधागा

१/१७
६ नोव्हेंबर २०२२. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या कथानकात या दिवशी दहा हजार माणसे एका आभासी खेळात कैद होतात. प्रत्यक्षात तो दिवस आला आणि गेला. कोणीही अडकले नाही. मालिकेची लोकप्रियता मात्र ओसरलेली नाही. मला ही मालिका आवडत नाही. का आवडत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून मांडण्याचा हा प्रयत्न. कथानकाचे तपशील उघड होतील, याची नोंद घ्यावी.

२/१७
ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नर्व्हगिअर नावाचे शिरस्त्राण घालून खेळाडू ‘आयनक्राड’ या शंभर मजली तरंगत्या किल्ल्यात शिरतात. पहिल्याच दिवशी खेळाचा निर्माता कायाबा आकिहिको घोषणा करतो : बाहेर पडण्याची वाट बंद आहे, शंभरावा मजला जिंकला तरच सुटका, खेळात मेलात तर प्रत्यक्षातही मेलात. यानंतर आपण किरितो या एकट्याने लढणाऱ्या तरुणाच्या मागोमाग दोन वर्षांचा प्रवास करतो.

३/१७
या मालिकेवरचे नेहमीचे आक्षेप सर्वांना पाठ आहेत : नायक अजिंक्य आहे, भेटेल ती मुलगी त्याच्यावर भाळते, खलनायक उथळ आहेत. आक्षेप खोटे नाहीत. पण ते इतक्यांदा उगाळले गेले आहेत की मालिका न पाहताही ते म्हणता येतात. ऐकीव निंदा आणि ऐकीव स्तुती या दोन्हींना साधन म्हणून सारखीच किंमत. माझी तक्रार निराळी आहे. या मालिकेच्या हाती इतिहासाचा एक विलक्षण प्रश्न आला होता आणि तिने तो सोडून दिला.

४/१७
तो प्रश्न असा. परस्परांना अनोळखी असलेली दहा हजार माणसे. राज्य नाही, कायदा नाही, पोलीस नाहीत, नातीगोती नाहीत. मृत्यू मात्र खरा. अशा माणसांतून समाज कसा घडेल? अन्नाची व्यवस्था कोण करील? कर कोण बसवील आणि तो कोण देईल? खुन्याला शिक्षा द्यायची कोणी आणि कोणत्या अधिकाराने? एरवी शतकानुशतके विखुरलेल्या प्रक्रिया इथे अवघ्या दोन वर्षांत आणि एका किल्ल्यात पाहता आल्या असत्या.

५/१७
दुसऱ्या भागापर्यंत तरी मालिकेला या प्रश्नाची जाणीव आहे. महिनाभरात दोन हजार माणसे मेली आहेत आणि पहिला मजलाही जिंकलेला नाही. खेळाडूंची सभा भरते. किबाओ नावाचा खेळाडू उठून म्हणतो की ज्यांनी चाचणीच्या काळात हा खेळ आधी खेळला होता त्यांनी ज्ञान स्वतःजवळ ठेवले, म्हणून इतरांचा जीव गेला. त्यांनी भरपाई द्यावी. त्यावर एजिल एक मार्गदर्शिका पुढे करतो : ही सर्वांना फुकट मिळत होती आणि तिच्यातली माहिती त्याच अनुभवी खेळाडूंनी दिलेली होती. ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा वाद दोन-चार वाक्यांत उभा राहतो. मालिकेतली ही सर्वोत्तम सभा.

६/१७
आणि मग मालिका उडी मारते. दुसरा भाग डिसेंबर २०२२ मध्ये घडतो. चौथ्या भागात आपण फेब्रुवारी २०२४ मध्ये आहोत. मधले वर्ष तिसऱ्या भागातल्या एका शोककथेत आटोपते. गिल्ड कशा स्थापन झाल्या, बाजारपेठ कशी उभी राहिली, खून करणे हाच उद्देश असलेली ‘लाफिंग कॉफिन’ ही टोळी कशी जन्मली, यांतले बहुतेक सारे पडद्याआड घडते. आपल्याला फक्त निष्पत्ती दिसते. प्रक्रिया दिसत नाही.

७/१७
याचे सर्वांत बोलके उदाहरण अकराव्या-बाराव्या भागात आहे. पहिल्या मजल्यावरच्या आरंभनगरात साशा नावाची एक स्त्री चर्चमध्ये निराधार मुलांचा सांभाळ करते. हीच मुले ‘सेना’ म्हणवणाऱ्या गिल्डची माणसे ‘करा’च्या नावाखाली अडवतात. ही गिल्ड मुळात साधनांचे समान वाटप व्हावे या हेतूने उभी राहिलेली असते. आता तिची सूत्रे बळकावणारा माणूस कोण? दुसऱ्या भागात न्याय मागणारा तोच किबाओ!

८/१७
क्षणभर थांबून विचार करा. अनुभवी खेळाडूंनी सर्वांना वाटा द्यावा म्हणून सभेत उभा राहिलेला माणूस दोन वर्षांत खंडणी गोळा करणाऱ्या गटाचा म्होरक्या होतो. समतेची भाषा सत्तेची भाषा कशी बनते, हा जगाच्या इतिहासातला थोरामोठ्यांना चकवणारा प्रश्न. मालिकेकडे तो आयता होता. तिने तो किरितो आणि आसुना यांच्या संसारकथेतला एक आडवळणाचा प्रसंग म्हणून वापरला आणि ती पुढे निघाली.

९/१७
आणखी एक वस्तू. आरंभनगरात एक स्मारकशिला आहे. तिच्यावर साऱ्या खेळाडूंची नावे कोरलेली आहेत आणि माणूस मेला की त्याच्या नावावर रेघ उमटते. अखेरीस अशी सुमारे चार हजार नावे खोडली गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठा दस्तऐवज काय हवा? मालिकेत मात्र या शिलेचा उपयोग एका खुनाच्या तपासात नाव पडताळण्यापुरता होतो. खोडलेल्या नावांपैकी आपल्याला ओळखीची वाटतील अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही प्रामुख्याने किरितोच्या दुःखाला निमित्त म्हणून आलेली.

१०/१७
मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. बखर एका पुरुषाभोवती फिरते. त्याचा पराक्रम हाच तिचा कणा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांचा भर अस्सल पत्रांवर होता. कारण पत्रांत हिशेब येतो, तक्रार येते, सामान्य माणूस येतो. बखर वाचनीय असते, पण ती एकटी पुरत नाही. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ ही किरितोची बखर आहे. उरलेल्या ९,९९९ माणसांची पत्रे कोणी जपलीच नाहीत.

११/१७
कोणी म्हणेल, हा खेळ आहे, खेळात कसला आला समाज? उत्तर कल्पनेत नव्हे, इतिहासात आहे. १९८६ साली लुकासफिल्मने कमोडोर ६४ या संगणकासाठी ‘हॅबिटॅट’ हे आभासी जग चाचणीसाठी खुले केले. तिथे चोऱ्या झाल्या, खून झाले. मग प्रत्यक्षात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मोपदेशक असलेल्या एका सदस्याने त्या जगात चर्च उघडले. त्याच्या अनुयायांनी शस्त्र न बाळगण्याचा आणि चोरी न करण्याचा नेम घेतला. रहिवाशांनी मतदानाने शेरीफ निवडला आणि त्याला कोणते अधिकार असावेत यावर वाद घातला. साशाचे चर्च कावाहारांच्या आधी असे एकदा खरोखर उभे राहिले होते.

१२/१७
दुसरे उदाहरण १९९३ चे. ‘लॅम्ब्डामू’ हे केवळ शब्दांनी बनलेले आभासी जग. तिथे एका सदस्याने इतरांची पात्रे बळजबरीने आपल्या ताब्यात घेऊन त्यांच्यावर सर्वांसमक्ष लैंगिक अत्याचार वर्णिला. रहिवाशांची सभा भरली. शब्दांतला अत्याचार हा अत्याचार मानायचा का, शिक्षेचा अधिकार कोणाचा, यावर ती निर्णयाविना उठली. अखेर एका व्यवस्थापकाने स्वतःच्या जबाबदारीवर त्या पात्राला नष्ट केले. त्यानंतर संस्थापक पॅव्हेल कर्टिस यांनी अर्ज व मतदानाची पद्धत आणली. एका जखमेतून एक संस्था जन्मली.

१३/१७
तिसरे, सप्टेंबर २००५. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कार या राक्षसाचा संसर्गजन्य शाप पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पोहोचला आणि साथ पसरली. काहींनी इतरांना बरे करण्याचा प्रयत्न केला, काही पळाले, काहींनी मुद्दाम संसर्ग वाढवला. या घटनेवर पुढे साथरोगशास्त्राच्या नियतकालिकांत लेख आले. इथे कोणाचाही जीव जाणार नव्हता, तरीही माणसे माणसांसारखी वागली. मग जिथे जीव जाणार होता, त्या आयनक्राडमध्ये केवढे काय घडले असते!

१४/१७
आता साधनचिकित्सेकडे वळू. कारण नापसंतीलाही पुरावा लागतो. ही मालिका अशी तुटक का? रेकी कावाहारा यांनी मूळ कथा २००२ साली एका कादंबरी-स्पर्धेसाठी लिहिली. ती पानांच्या मर्यादेत बसेना, म्हणून स्पर्धेला न पाठवता त्यांनी ती स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. २००९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्या पहिल्या खंडात आरंभदिनानंतर कथा थेट ७४व्या मजल्यावर पोहोचते आणि ७५व्यावर संपते. मधल्या काळातल्या सुट्या कथा दुसऱ्या आणि नंतरच्या खंडांत आल्या. २०१२ च्या अ‍ॅनिमेने या साऱ्यांना कालक्रमाने ओवले. म्हणजे ज्या पोकळीवर मी रागावलो होतो तिचे मूळ बरेचसे स्पर्धेच्या पानांच्या हिशेबात आहे.

१५/१७
लेखकालाही ही उणीव जाणवली असावी, असे मानायला जागा आहे. अ‍ॅनिमे चालू असतानाच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, कावाहारांनी ‘प्रोग्रेसिव्ह’ ही नवी ग्रंथमाला सुरू केली. तिचा संकल्पच पहिल्या मजल्यापासून एकेक मजला सांगत जाण्याचा. पोकळी भरून काढण्यासाठी लेखक स्वतः मागे फिरतो, हे दृश्य मला आदराचे वाटते. हे कळल्यावर माझा राग निवळला. नापसंती मात्र उरली.

१६/१७
कारण सारेच पानांच्या मर्यादेवर ढकलता येत नाही. पंधराव्या भागापासून कथा दुसऱ्या खेळात जाते आणि दोन वर्षे तलवार चालवलेली, एका बलाढ्य गिल्डची उपप्रमुख असलेली आसुना पिंजऱ्यात बसून सुटकेची वाट पाहते. तिच्यावरचा अत्याचार खलनायकाचा दुष्टपणा ठसवण्यासाठी येतो; त्यातून प्रश्न उभा राहत नाही, संस्था जन्मत नाही. लॅम्ब्डामूच्या सामान्य सदस्यांनी १९९३ मध्ये जे गांभीर्य दाखवले ते इथे नाही. विरुद्ध बाजूचा पुरावाही नोंदवतो : २०१४ च्या दुसऱ्या पर्वातली ‘मदर्स रोझारिओ’ ही कथा. तिथे किरितो बाजूला होतो आणि युकी ही आजारी मुलगी व आसुना केंद्रस्थानी येतात. मालिका तिथे एकदम मोठी होते. नायक थोडा सरकला की माणसे दिसू लागतात, हेच माझे म्हणणे.

१७/१७
पंधराव्या वर्षी मी ही मालिका एका बैठकीत पाहिली होती आणि मला किरितो व्हायचे होते. आज पुन्हा पाहताना मला ती मार्गदर्शिका लिहिणारे कोण होते ते हवे असते. साशाने मुलांच्या जेवणाचा खर्च कसा भागवला ते हवे असते. शिलेवरच्या पहिल्या खोडलेल्या नावापुढची हकीकत हवी असते. मालिका तीच आहे, प्रश्न बदलले. ज्यांना ती आवडते त्यांच्याशी माझे भांडण नाही. एवढेच सुचवतो : पुढच्या वेळी पाहाल तेव्हा नायकाच्या मागे गर्दीत उभ्या असलेल्या चेहऱ्यांकडे पाहा. तुम्हाला त्यांच्यापैकी कोणाची हकीकत हवी आहे, ते खाली जरूर लिहा.

धागा समाप्त.