संस्था टिकते कशाने ? — गिरणगावच्या इतिहासातील काही पाने



आपल्या स्मरणिकेच्या पानांतून आजवर ज्ञातीचे मूळ स्थान, कुलदैवते, कुळाचार आणि थोर पूर्वज यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मुंबईत आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे पोटासाठी आले, त्या मुंबईत सार्वजनिक संस्था कशा जन्मल्या, कशा वाढल्या आणि कशा मेल्या, याचा विचार आपण क्वचितच करतो. हा विचार वाचकांपुढे ठेवण्याचा या लेखाचा हेतू आहे.

नव्या संस्थेला सल्ला देऊन उभी करणे, नोकरवर्गाचे मन कामात लागेल अशी व्यवस्था करणे, आणि समाजातील दुर्बलांस अन्यायापासून जपणे, या तिन्ही कामांस अलीकडे स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले आहे. मोठमोठ्या कंपन्या अशा सल्लागारांस मोबदला देऊन बोलावितात. हे सर्व परदेशातून आलेले नवे शास्त्र आहे, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांत हीच तिन्ही कामे शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी निष्ठेने केली जात होती. ती करणारांस कोणी सल्लागार म्हणत नसे. ‘कार्यकर्ता’ हाच शब्द त्यांस पुरेसा होता.

यांतील पहिले नाव रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे. १८४८ साली जन्मलेले लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक पंथाचे अनुयायी होते. पुण्यास निघालेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० साली त्यांनी मुंबईस आणून चालविले. त्या काळी गिरणीचा भोंगा पहाटे वाजे आणि मजूर सूर्यास्तापर्यंत राबे. आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. पगाराचा दिवस मालकाच्या मर्जीवर असे. १८८४ साली लोखंडे यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी-मंडळापुढे ठेविला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास साहाय्य, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढे १८९० साली मालकवर्गाने आठवड्याच्या सुट्टीचे तत्त्व मान्य केले. आज आपण जो रविवार घरी बसून उपभोगतो, त्याच्या मागे या पुरुषाचे श्रम आहेत, हे आपल्या मुलांस सांगावयास हवे.

लोखंडे यांचे लक्ष केवळ पगारावर नव्हते. १८९० साली मुंबईच्या न्हावी बांधवांस एकत्र करून, विधवांचे केशवपन यापुढे आम्ही करणार नाही, असा निर्धार करविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा भीषण दंगा झाला, तेव्हा सलोख्यासाठी ते झटले. मजुराची मजुरी, विधवेची अब्रू आणि शेजाऱ्याचा जीव या तीन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

असे असूनही इतिहासाचा एक कठोर धडा येथेच आहे. लोखंडे यांची ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही संघटना १८९७ साली प्लेगने त्यांचा अंत झाल्यावर फार काळ जिवंत राहिली नाही. या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमावलीही नाही, अशी नोंद त्या काळच्या सरकारी अहवालात आढळते. नोंद करणारा सरकारी अधिकारी होता, त्याला मजुरांविषयी ममता असण्याचे कारण नव्हते, हे मान्य करूनही त्या तीन ‘नाहीं’चे महत्त्व कमी होत नाही. एका माणसाच्या तेजावर चाललेली संस्था त्या माणसाबरोबर मावळते.

दुसरे नाव सीताराम केशव बोले यांचे. भंडारी ज्ञातीच्या उन्नतीच्या कार्यातून पुढे आलेले बोले यांनी १९०९-१० च्या सुमारास सहकाऱ्यांसह ‘कामगार हितवर्धक सभा’ स्थापन केली. आपल्यासारख्या ज्ञातिसंघांनी त्यांचे चरित्र विशेष अभ्यासावे. कारण स्वज्ञातीची सेवा करणारा मनुष्य ज्ञातीच्या कुंपणापाशी थांबलाच पाहिजे असे नाही, हे त्यांनी सिद्ध केले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या कराव्यात, हा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनीच मांडिला. १९२७ सालचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारावर उभा होता.

तिसरे नाव नारायण मल्हार जोशी यांचे. आणि आमच्या मते संस्था उभारण्याच्या कलेत त्यांच्या तोडीचा कार्यकर्ता मुंबईत क्वचितच झाला. डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. परंतु त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी हे जोशी कोण, हे किती जणांस ठाऊक असेल? त्यांचा जन्म १८७९ साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. १९०९ साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ साली मुंबईत ‘सोशल सर्व्हिस लीग’ची स्थापना झाली.

लीगचे काम सुरुवातीस लहान दिसे. कामगारांसाठी रात्रशाळा, पेटीतून चाळीचाळींत फिरणारी ग्रंथालये, जादूच्या दिव्याच्या साहाय्याने आरोग्यावर व्याख्याने, दवाखाना, व्यायामशाळा आणि सहकारी पतपेढ्या असा तो व्याप होता. पतपेढीचे महत्त्व आजच्या पिढीस कळणे कठीण आहे. गिरणीत नोकरी मिळावयाची ती जॉबरच्या हातून. त्याला दस्तुरी द्यावयाची. ती देण्यासाठी सावकाराचे किंवा पठाणाचे कर्ज काढावयाचे. आणि पगाराच्या दिवशी दारावर उभ्या असलेल्या पठाणाच्या हाती पगार द्यावयाचा. रुपयामागे महिन्याला आणा, कधी त्याहूनही अधिक व्याज भरणाऱ्या कुटुंबाला स्वस्त कर्ज मिळणे म्हणजे कैदेतून सुटका होती. समाजाचे संरक्षण काठीने होते तसे हिशोबाच्या वहीनेही होते, हे लीगने दाखवून दिले.

पुढे करीमभाई इब्राहिम आणि टाटा यांच्या गिरणी-समूहांनी आपापल्या कामगारांसाठीची कल्याणकेंद्रे चालविण्याचे काम लीगकडे सोपविले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर लीग ही मालकांची सल्लागार झाली. येथे एक नाजूक प्रश्न उत्पन्न होतो. पैसा मालकाचा आणि सेवा मजुराची. मग निष्ठा कोणाकडे? वाचनालय, क्रीडांगण व स्वस्त धान्याचे दुकान यांनी मजुराचे मन रमेल. परंतु जॉबरने विनाकारण कामावरून काढले, तर वाचनालय त्याच्या मदतीस येणार नाही. कल्याण दुसऱ्याने करावयाचे असते, हक्क मात्र स्वतःच सांगावा लागतो. मालकांच्या पैशावर चाललेले काम न सोडता जोशी मजुरांच्या स्वतःच्या संघटनेकडे वळले, यात त्यांचा मोठेपणा आहे.

त्यास निमित्तही तसेच घडले. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तीत हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांस पाठविले. परंतु प्रतिनिधी निवडून देईल अशी कामगारांची मध्यवर्ती संस्थाच देशात नव्हती ! ही उणीव भरून काढण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले.

त्याच सुमारास मद्रासेत एक विलक्षण प्रकार घडला. तेथील बकिंगहॅम व कर्नाटक गिरण्यांच्या कामगारांची ‘मद्रास लेबर युनियन’ १९१८ साली बी. पी. वाडिया यांच्या साहाय्याने स्थापन झाली होती. गिरणीचालक कंपनीने वाडियांवरच कोर्टात दावा लावून त्यांचे काम थांबविणारा मनाई हुकूम मिळविला. मजुरांनी संघटित होणे हाच कट ठरू लागला, तर संघटना उभी राहावी कशी ? म्हणून जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ट्रेड युनियनांस संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडिला. पाच वर्षांनी, १९२६ साली, तो कायदा झाला. त्या कायद्याची मूळ रचना प्रत्येक सार्वजनिक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आहे. नोंदणीस निदान सात सभासद, लेखी नियम, तपासलेले वार्षिक हिशोब, आणि पदाधिकाऱ्यांपैकी निदान निम्मे प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे. लोखंडे यांच्या संघटनेत ज्या तीन गोष्टी नव्हत्या, त्या तिन्ही येथे कायद्याने आल्या. शिवाय चौथी आली : ज्यांच्यासाठी संस्था, त्यांनाच तिच्या कारभारात जागा.

जोशी मवाळ प्रकृतीचे होते. तरीही १९२८ सालच्या सहा महिन्यांच्या गिरणी-संपात ते कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून संयुक्त संप-समितीत बसले. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात फूट पडली, तेव्हा ते व त्यांचे सहकारी बाहेर पडले. पण दार कायमचे लावून घेतले नाही. १९४० पर्यंत दोन्ही बाजू पुन्हा एक झाल्या आणि जोशी पुन्हा सरचिटणीस झाले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मतभेद होतात म्हणून संस्था मोडावयाची नसते, आणि मोडली तर जोडावयाची लाज वाटू द्यावयाची नसते, हे त्यांच्या चरित्राचे सार आहे.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले व या कार्यास शास्त्राचे रूप आले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यांस कामगार-कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांस जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांस एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारले आणि सावकाराऐवजी बँकेचे दार त्यांस दाखविले. ज्या बायांची नावे कोणत्याही पगारपत्रकात नव्हती, त्या स्वतःच्या संस्थेच्या मालकीण झाल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. प्रस्तुत लेखक त्या काळी गिरणगावातील एका शाळेत नव्यानेच शिक्षक म्हणून लागला होता. महिन्यामहिन्याला हजेरीपटावरची नावे कमी होत गेली. मुले आईबरोबर कोकणात वा घाटावर गावी जात. त्या दिवसांत ज्या गावमंडळांपाशी सभासदांची यादी, थोडी शिल्लक आणि विश्वासाचा खजिनदार होता, त्यांनी आपल्या माणसांस काही काळ तरी धान्य पुरविले. ज्यांच्यापाशी केवळ गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके होती, त्यांना सहानुभूतीपलीकडे काही देता आले नाही. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. हळूहळू गिरण्याच गेल्या.

आता आपल्या संघाकडे वळू. आपलेही वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती निधी आहे, वधूवर मेळावा आहे. आपला कारकून, वसतिगृहाचे अधीक्षक, स्वयंपाकीण व पहारेकरी हे आपले नोकर आहेत. वार्षिक सभेत त्यांचे आभार मानतो. पण वसतिगृह कसे चालवावे हे त्यांस आपण विचारतो काय? निम्म्या जागा काम करणाऱ्यांच्या असाव्यात, हे १९२६ साली कायद्याने ओळखले. आपण निदान एक जागा तरी त्यांच्यासाठी व एक वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी कार्यकारी मंडळात ठेवावी.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, पण बोलणे प्राप्त आहे. परगावची मुले-मुली आपण आपल्या छत्राखाली ठेवतो. त्यांचे आईबाप ‘आपल्या ज्ञातीचेच लोक आहेत’ या एकाच विश्वासावर निर्धास्त असतात. हा विश्वास मोठा आहे. म्हणूनच तो धोक्याचाही आहे. एखाद्या मुलास वा मुलीस त्रास झाला, तर ती सांगणार कोणास ? ज्याच्याविषयी तक्रार, तो बहुधा कोणाचा मामा, कोणाचा व्याही, कोणाचा देणगीदार असतो. मग ‘घरातली गोष्ट घरात’ असे म्हणून ती दडपली जाते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात नोकरदार स्त्रियांच्या संरक्षणाची तत्त्वे घालून दिली, २०१२ साली बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध कायदा झाला, आणि २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती आवश्यक केली. त्या समितीची अध्यक्ष स्त्री, निम्मे सभासद स्त्रिया, आणि एक सभासद संस्थेबाहेरचा. हा बाहेरचा सभासद का ? कारण नात्यागोत्याच्या वर्तुळात न्यायाचा आवाज बसतो, हे कायदा करणारांनी जाणले होते.

आपले नोकर दहा असोत वा चार असोत, अशी समिती आपण नेमावी आणि तीत ज्ञातीबाहेरची एक जाणती स्त्री घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. काही वडीलधाऱ्यांस ही सूचना रुचणार नाही, याची जाणीव आहे. ज्ञातीची अब्रू परक्याच्या हाती का द्यावी, असे ते विचारतील. त्यांस इतकेच सांगावेसे वाटते की, ज्ञातीची अब्रू तक्रार बाहेर गेल्याने जात नाही. तक्रार करणाऱ्या लेकरास दार बंद मिळाल्याने जाते. लोखंडे यांनी आपल्या ज्ञातीबाहेरच्या विधवांसाठी आवाज उठविला, बोले यांनी आपल्या ज्ञातीबाहेरच्या बांधवांसाठी पाणवठे उघडण्याचा ठराव मांडिला. मग आपल्याच लेकरांच्या रक्षणासाठी बाहेरचा एक जाणता माणूस आत घेण्यास आपण का कचरावे ?

देवळास शिखर असते आणि पायाही असतो. शिखर दुरून दिसते, म्हणून देणगीदार त्यावर नाव घालतात. पाया मात्र मातीत असतो. सभासदांची खरी यादी, तपासलेला हिशोब, लेखी नियम, काम करणाऱ्यास मान आणि दुर्बलास निर्भय दार हा संस्थेचा पाया होय. येत्या वार्षिक सभेत या विषयावर मोकळेपणाने चर्चा व्हावी, तरुणांनी ती पुढे न्यावी आणि वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद द्यावा, अशी विनंती करून लेखणी खाली ठेवतो.