ज्युपिटर, बृहस्पती आणि आपला गुरुवार

गुरुवारी औदुंबरला दत्ताच्या देवळात गर्दी ठरलेलीच. इटलीत याच वाराला 'जोवेदी' म्हणतात, म्हणजे जोव्ह ऊर्फ ज्युपिटरचा वार. वार एकच, ग्रहही एकच. मग कोणी कोणाचं उचललं?

आपल्याकडे याची दोन उत्तरं तयार असतात. 'सगळं आपल्याकडूनच गेलं' किंवा 'सगळं बाहेरूनच आलं'. मंडळी, दोन्ही अर्धवट आहेत.

आधी वारांचं बघू. ग्रह संथ ते वेगवान असे लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक तास एकेका ग्रहाला द्या. २४ ला ७ ने भागलं की बाकी ३, म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला तास तीन घरं पुढच्या ग्रहाचा. शनिवार, रविवार, सोमवार... अख्खा आठवडा तयार! हा हिशोब ग्रीक-रोमन जगातून आला. 'होरा' हा शब्दसुद्धा ग्रीकच. भारतातल्या वाराच्या सर्वात जुन्या उल्लेखांपैकी एक मध्य प्रदेशात एरणला, बुधगुप्ताच्या स्तंभलेखात आहे, इ.स. ४८४ चा. वार कोणता? गुरुवार!

पण देव मात्र आपण आपलाच बसवला. ज्युपिटर हा रोमच्या देवांचा राजा, हातात वज्र. नावाने तो वेदातल्या द्यौष्पित्याच्या भावकीतला, कामाने थेट इंद्र. तेव्हा हा ग्रह इंद्राला देणं सोपं होतं. आपल्याकडे तो गेला बृहस्पतीकडे, म्हणजे देवांच्या गुरूकडे. तिथे राजा, इथे मास्तर!

आणि कृष्णाकाठाने तर या मास्तरांचं घड्याळच करून टाकलं. गुरू कन्या राशीत आला की कन्यागत पर्वकाळ. साताऱ्याकडे वाईचे घाट, सांगलीच्या खाली नरसोबाची वाडी, सगळीकडे स्नानाला झुंबड. २००४ झालं, २०१६ झालं, आता २०२८.

'दर बारा वर्षांनी' असं आपण म्हणतो खरं, पण गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची. हा फरक साचत जातो आणि कधीतरी एक वर्ष गळतं. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्येच आला तो याचमुळे. म्हणजे परंपरेने बाराचा आकडा धरून न बसता ग्रहाचं ऐकलं.

मला यात कमीपणा वाटत नाही. हिशोब बाहेरचा, देव आपला, नदी आपली. उसनं घेऊन इतकं आपलंसं करणं हीसुद्धा अक्कलच की!