दुभंगलेला ओठ : ग्रहणाचा दोष ते टाक्यांची कला

बाळाचा वरचा ओठ फाटलेला दिसला, की आपल्या जालना जिल्ह्यात आजही पहिला प्रश्न आईलाच विचारतात, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" तुम्हीही तो ऐकला असेल, कदाचित विचारलाही असेल.

गर्भात ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्या आठवड्याच्या सुमारास. दोन्ही बाजूंचे भाग मध्ये जुळले नाहीत, की फट राहते. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं! आनुवंशिकता, धूम्रपान, मधुमेह, फिट्सची काही औषधं यांचा संबंध आढळतो. पुष्कळदा एकच एक कारण सापडत नाही. विळीचा मात्र काही संबंध नाही.

ओठ सांधण्याचा विचार सुश्रुतसंहितेतही आहे. आजची शस्त्रक्रिया मात्र अलीकडची. अमेरिकेच्या डॉ. मिलार्ड यांनी १९५५ मध्ये ओठाचा एक भाग फिरवून व दुसरा पुढे सरकवून जोडण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे. आपल्या नागपूरच्या डॉ. सी. बालकृष्णन यांनी केलेलं वर्गीकरण 'नागपूर वर्गीकरण' म्हणूनच ओळखलं जातं. फक्त ओठ, फक्त टाळू, की दोन्ही, इतकं ते सोपं.

पण गरिबाच्या लेकरापर्यंत हे ज्ञान पोचवलं ते डॉ. शरदकुमार दीक्षितांसारख्यांनी. मूळचे महाराष्ट्राचे, राहायला न्यूयॉर्कला. १९६८ पासून ते दरवर्षी भारतात येऊन मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरं घेत. शेजारच्या औरंगाबादलाही घेत. अपघातानं शरीर अधू झालं, कर्करोगात स्वरयंत्र गेलं, हृदयविकार जडला, तरी शिबिरं थांबली नाहीत. स्वतःचा आवाज गेलेला माणूस इतरांच्या मुलांचं बोलणं सुधारत होता. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ते गेले.

आता शिबिराची वाट बघू नका. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे, उपचार मोफत होतात. आशाताईंना सांगा किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची वर्ष-दीड वर्षाच्या आत. टाळूला उशीर झाला तर बोलणं नाकातून येतं आणि ते सुधारणं अवघड जातं. तोवर बाळाला उभं धरून, वाटी-चमच्यानं, थोडं थोडं आईचंच दूध पाजा. मध्येमध्ये ढेकर काढा. वजन वाढत नसेल तर लगेच दाखवा.

आणि हो, पुढच्या ग्रहणात सुनेला उपाशी ठेवू नका.