जागतिक कोलंबियन प्रदर्शनाची वास्तुरचना

जागतिक कोलंबियन प्रदर्शन हे कोलंबसाच्या अमेरिकेतील आगमनाच्या चारशेव्या वर्षानिमित्त १८९३ साली शिकागो येथील जॅक्सन पार्कमध्ये भरलेले आंतरराष्ट्रीय प्रदर्शन होय. बांधकामाचे प्रमुख वास्तुकार डॅनियल बर्नहॅम होते. उद्यान व जलाशयांची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी केली.

वास्तुशैली

मध्यवर्ती चौकातील इमारती रिचर्ड मॉरिस हंट, जॉर्ज पोस्ट, चार्ल्स मॅकिम आदी वास्तुकारांकडे सोपविण्यात आल्या. पॅरिसच्या बोझार कलाशाळेत शिकविली जाणारी अभिजात शैली त्यांनी स्वीकारली आणि दर्शनी भागाच्या कंगोऱ्याची उंची ६० फूट अशी समान ठेवली. लोखंड व लाकूड यांच्या सांगाड्यांवर प्लास्टर आणि तागाच्या मिश्रणाचे तात्पुरते आवरण देऊन ते पांढरे रंगविण्यात आले. त्यावरून प्रदर्शनास ‘श्वेतनगरी’ म्हणत. महिला भवनाचा आराखडा सोफिया हेडन यांचा होता. लुई सलिव्हन यांचे वाहतूक भवन मात्र बहुरंगी असून त्याचे कमानदार प्रवेशद्वार सोनेरी होते.

मतभेद व परिणाम

आधुनिक सांगाड्यास प्राचीन रोमचा पेहराव का द्यावा, हा वादाचा मुद्दा ठरला. या प्रदर्शनाने अमेरिकी वास्तुकलेची अर्धशतकाची हानी केली, असे मत सलिव्हन यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मांडले. दुसरीकडे, इमारती, रस्ते व उद्याने यांचा एकत्रित विचार करणाऱ्या ‘सुंदर नगर’ चळवळीस येथूनच चालना मिळाली. बर्नहॅम व एडवर्ड बेनेट यांचा १९०९चा शिकागो आराखडा हे तिचे ठळक उदाहरण होय. चार्ल्स अ‍ॅटवुड यांचे ललितकला भवन पुढे टिकाऊ साहित्यात पुन्हा बांधले गेले. सध्या तेथे विज्ञान व उद्योग संग्रहालय आहे.