तीस-चाळीस किलो वजन कमी करायचंय? दोन वेळचं जेवण, इंजेक्शन की ऑपरेशन, कोणता मार्ग कुणासाठी?

"वजन खूप वाढलंय, काय करू?" हा प्रश्न बीडमध्ये चार जणांना विचारला, तर चार उत्तरं मिळतात. एक म्हणतो, दीक्षित डाएट सुरू कर. दुसरा म्हणतो, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. तिसऱ्याच्या पाहुण्यानं पुण्यात ऑपरेशन केलेलं असतं. चौथ्यानं नव्या इंजेक्शनचं रील पाहिलेलं असतं.

गंमत म्हणजे चौघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पाच किलो कमी करणं वेगळं आणि तीस-चाळीस किलो कमी करणं वेगळं. वजन किती आहे, कोणते आजार आहेत आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, यावर मार्ग ठरतो. तो चुकला तर नुसते पैसे जात नाहीत, जिवावरही बेतू शकतं. म्हणून हे मार्ग एकेक करून समजून घेऊ.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय. भारतीयांमध्ये पोटाभोवतीची चरबी आणि मधुमेह तुलनेनं कमी वजनावरच दिसू लागतात. त्यामुळे आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

उंची ५ फूट ५ इंच असेल, तर ६८ किलोला बीएमआय २५ होतो, साधारण ८८ किलोला ३२.५ आणि १०२ किलोला ३७.५. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे ऑपरेशनच्या वेळी लागतील.

लठ्ठपणा हा फक्त मुंबई-पुण्याचा प्रश्न राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण २३ टक्के महिलांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं, तर साधारण २१ टक्के महिलांचं प्रमाणापेक्षा कमी. दोन्ही प्रश्न एकाच राज्यात, कधी एकाच घरात आहेत. बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यात याचं कारण समजायला अवघड नाही. दिवसभर कोयता चालवणाऱ्या शरीराला जेवढी भाकरी लागते, तेवढीच भाकरी दुकानात किंवा गाडीवर बसणाऱ्या शरीरात साठत जाते.

मार्ग १: दिवसातून दोनदाच जेवण

डॉ. जगन्नाथ दीक्षित हे नाव मराठवाड्यात नवं नाही. बीडला लागून असलेल्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या आहारविषयक व्याख्यानातून त्यांनी ही पद्धत घेतली आणि पुढे लोकांपर्यंत नेली.

नियम सोपे आहेत. कडक भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या. त्या दोन वेळीच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा काळा चहा चालतो. जोडीला रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यामागचा विचार असा, की प्रत्येक खाण्यानंतर इन्सुलिन वाढतं आणि ते सतत वाढलेलं असेल तर चरबी वापरली जात नाही.

पद्धत फुकट आहे आणि वेगळा स्वयंपाक लागत नाही, हे तिचं बळ. पण दोन वेळेत वाटेल तेवढं खाल्लं, तर आपली जुनी म्हण खरी होते: एकादशी आणि दुप्पट खाशी.

मार्ग २: थोडं थोडं, घरचं आणि वेळेवर

दुसऱ्या टोकाला ऋजुता दिवेकर. त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक २००९ मध्ये आलं. दर दोन-तीन तासांनी थोडं खा, घरचं आणि हंगामी खा, भात-तूप-भाकरीला घाबरू नका आणि काट्यावरच्या आकड्याच्या मागे लागू नका, असा त्यांचा सल्ला. २०१८ च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर इतका रंगला, की त्यावर विनोदांचा पाऊस पडला.

मग खरं कुणाचं? चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर झालेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या. निम्म्यांनी फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत खाल्लं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलो घटलं, दुसऱ्याचं ६.३ किलो. संशोधकांच्या हिशेबानं हा फरक निर्णायक नव्हता. २०१८ च्या एका अमेरिकी प्रयोगात ६०९ जणांपैकी काहींनी तेल-तूप कमी केलं, काहींनी पोळी-भात-साखर. वर्षाअखेर दोन्ही गट पाच-सहा किलोंवरच होते.

अर्थ एवढाच, की पद्धतीत जादू नाही. जी पद्धत तुमच्याकडून कमी खाणं करवून घेते आणि जी वर्षभर पाळता येते, ती तुमची. फक्त सरासरी पाच ते आठ किलोंची होती, हेही विसरू नका.

मार्ग ३: फार कमी कॅलरी किंवा लांब उपवास

ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींचा द्रव आहार दिला. वर्षभरानंतर जवळपास प्रत्येक चौथ्या रुग्णाचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त घटलेलं होतं. ४६ टक्के रुग्णांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पण पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या थांबवल्या होत्या आणि पुढे सतत तपासणी होती.

लांब उपवासाचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरी याचं. १९६५-६६ मध्ये हा तरुण ३८२ दिवस अन्नाशिवाय राहिला आणि २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आला. हे रील तुम्हीही पाहिलं असेल. रीलमध्ये सांगत नाहीत ते असं: तो रुग्णालयाच्या देखरेखीखाली होता, त्याला जीवनसत्त्वं आणि क्षार दिले जात होते. देखरेखीशिवाय अशा उपवासात रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदय बंद पडू शकतं.

आपल्या उपवासाची गोष्ट उलटी आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शेंगदाण्याचा कूट आणि तूप घातलेली भरली ताट खिचडी सहज पाचशे कॅलरींच्या पुढे जाते.

मार्ग ४: फक्त व्यायाम

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. शंभर किलोंचा माणूस साडेचार किलोमीटर चालला, की अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे महिनाभर रोज चाललं, तर किलोभर चरबी. तीही त्या चालण्यानंतर नाश्त्याला वडापाव घेतला नाही तर. नुसत्या व्यायामानं तीस किलो उतरणं म्हणूनच विरळा. पण उतरलेलं वजन टिकवायला, स्नायू राखायला आणि साखर-बीपीसाठी व्यायामाला पर्याय नाही.

मार्ग ५: आठवड्याचं इंजेक्शन

टिर्झेपटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आलं आणि त्याच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती. ही औषधं भूक कमी करतात आणि पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. मोठ्या चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसनं ७२ आठवड्यांत साधारण २१ टक्के वजन कमी केलं. शंभर किलोंच्या माणसासाठी हे १५ ते २१ किलो झाले.

मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे. स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयाचे खडे हे कमी दिसणारे, पण गंभीर. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे हा तीन महिन्यांचा कोर्स नाही. खर्चाचा हिशेब वर्षांमध्ये करा.

मार्ग ६: ऑपरेशन

बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेत चरबी काढत नाहीत. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. 'बायपास'मध्ये अन्नाचा रस्ताच बदलतात. भूक लावणारी संप्रेरकंही बदलतात, म्हणून परिणाम मोठा असतो: साधारणपणे एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के.

भारतात बीएमआय ३७.५ च्या पुढे, किंवा ३२.५ च्या पुढे आणि सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर याचा विचार करतात. बीडकरांना यासाठी बहुधा छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावं लागतं. ठरावीक अटी पूर्ण होत असतील तर आरोग्य विमा मिळू शकतो, पण विम्याची बीएमआयची अट ४० (आजार असल्यास ३५) अशी कडक आहे. पॉलिसी आधी वाचा.

महाराष्ट्रातलं परिचित उदाहरण नितीन गडकरी यांचं. त्यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनीच सांगितलं, की आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. ऑपरेशननंतरही आयुष्यभर बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, नियमित तपासण्या आणि छोटे घास लागतातच.

वजन परत का येतं?

इच्छाशक्ती कमी पडली म्हणून, असं आपण म्हणतो. २०१६ चा एक अभ्यास वेगळं सांगतो. अमेरिकेत वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं आणि शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. शरीर वजन घटण्याला दुष्काळ समजतं आणि काटकसर करतं. म्हणून वजन परत आलेल्या माणसाला टोमणे नकोत, उपचार हवेत.

सुरू करण्याआधी हे नक्की वाचा

• मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण अचानक कमी केलं, तर साखर धोकादायक पातळीला घसरते. घाम, थरथर, गोंधळणं ही तिची लक्षणं. डाएट असो, नवरात्राचा उपवास असो की रोजा, डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. स्वतःहून गोळी बंदही करू नका.
• डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना उपाशी राहिल्यास रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही कधी साखर फार न वाढता.
• गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिला, १८ वर्षांखालील मुलं आणि टाइप १ मधुमेहाचे रुग्ण यांनी दोन वेळच्या जेवणाचा प्रयोग स्वतःहून करू नये.
• 'शंभर टक्के हर्बल' पावडरपासून सावध राहा. सिब्युट्रामिन या औषधावर हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंदी आली, पण परदेशात तपासलेल्या अशा 'हर्बल' उत्पादनांत ते वारंवार सापडलं आहे.
• काहीही न करता वजन घटत असेल तर आनंद मानू नका. क्षयरोग, मधुमेह, थायरॉईडची तपासणी करा.

मग सुरुवात कुठून करायची?

वजन, कंबर आणि बीपी मोजा. एचबीए१सी, थायरॉईड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय इथून सुरुवात करता येते.

दहा किलोंपर्यंतचं वजन उतरवायचं असेल, तर दोन वेळा की सहा वेळा या वादात पडू नका. जे जमेल ते निवडा, चहातली साखर सोडा, भाकरी एक कमी करून वरण, मटकी, अंडी किंवा दही वाढवा आणि चाला. बीएमआय ३२.५ च्या पुढे असेल आणि वर्षभर मनापासून प्रयत्न करूनही काटा हलत नसेल, तर औषध किंवा ऑपरेशनबद्दल डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही.

आणि शंभर किलोंवरून नव्वदवर येऊन थांबलात, तरी ते अपयश नाही. पाच-दहा टक्के वजन घटलं तरी साखर, बीपी आणि गुडघे यांना फरक जाणवतो. कोणताही मार्ग निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मी पाच वर्षांनीही करत असेन का?