चिंटू (मराठी बालचित्रपट)

चिंटू : मुलांसाठी आणि कुटुंबासाठी काढलेला मराठी विनोदी चित्रपट. प्रदर्शन १८ मे २०१२. दिग्दर्शक श्रीरंग गोडबोले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या याच नावाच्या चित्रमालिकेवर तो आधारलेला आहे. चिंटूची भूमिका शुभंकर अत्रे याने केली असून सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे हे त्याचे पप्पा-मम्मी आहेत. ओम भुतकर (सतीशदादा), सतीश आळेकर (कर्नलकाका), नागेश भोसले आणि विजय निकम हे इतर कलावंत. संगीत सलील कुलकर्णी यांचे, गीते संदीप खरे यांची. खोडकर मूल आणि त्याच्यावर खेकसणारे शेजारी ही जगभर चाललेली जोडी मराठीत रुपेरी पडद्यावर आली ती ठळकपणे या चित्रपटातून.

चित्रमालिका : 'चिंटू' १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झाला. तीन-चार चौकटी, एक प्रसंग, शेवटच्या चौकटीत चिंटूचे एखादे बिनतोड उत्तर, एवढाच ऐवज. तोवर मराठी दैनिकांत रोजची चित्रमालिका बहुधा परदेशातून भाषांतरित होऊन येत असे. मराठी मध्यमवर्गीय घरातला, मराठीतच विचार करणारा, गृहपाठ टाळणारा, भेळेसाठी जीव टाकणारा मुलगा दररोज सकाळी दारात येऊन पडू लागला ही मोठी गोष्ट होती. घरोघरी अग्रलेखाआधी चिंटू वाचला जाई. लहान मुलांनी वर्तमानपत्र हातात धरायला सुरुवात केली ती अनेक घरांत त्याच्यामुळे. पुढे काही वर्षे तो 'लोकसत्ता'त होता, नंतर पुन्हा 'सकाळ'मध्ये आला. पुस्तकरूपानेही त्याचे अनेक भाग निघाले.

चिंटूचे वय वाढत नाही. त्याच्याभोवतीची माणसेही ठरलेली आहेत. पप्पू आणि मिनी हे जिवलग. राजू, बगळ्या, सोनू, नेहा ही बाकीची फौज. घरात मम्मी, पप्पा आणि आजी-आजोबा. आसपास गिटार घेऊन गाणे म्हणणारा सतीशदादा, शिस्तीचे कर्नलकाका आणि जोशीकाकू. जोशीकाकू हे पात्र या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. चेंडू त्यांच्या घराकडे गेला की खेळ थांबतो. काच फुटली की सगळे पांगतात आणि चिंटू सापडतो. त्यांच्या रागाला कारण आहे, आणि चित्रकाराने ते कधी नाकारलेले नाही. दुपारी डोळा लागलेला असताना खिडकीवर चेंडू आदळला तर कुणीही बाहेर येऊन ओरडेलच. वाचक मुलगा असेल तर चिंटूच्या बाजूने हसतो, वाचणारी काकू असेल तर जोशीकाकूंच्या बाजूने. दोघांनाही न दुखावता रोज हसवणे ही पंडित-वाडेकरांची खरी कमाई.

कथानक : सुट्टी लागली आहे. चिंटू आणि त्याची 'वानरवेडे' टोळी यांना क्रिकेट खेळायचे आहे, आणि खेळायला वस्तीतले एक मोकळे मैदान आहे. त्या मैदानावर एक दिवस चायनीजची गाडी लागते. गाडीमागे स्थानिक दादा आहे, दादामागे राजकारण आहे. मोठी माणसे कुरकुरतात आणि गप्प बसतात. मुले गप्प बसत नाहीत. मैदान परत मिळवण्यासाठी ती ज्या खटपटी करतात, त्यातून चित्रपट उभा राहतो.

चौकटीतल्या विनोदाला दोन तासांचा चित्रपट पेलत नाही, म्हणून पटकथेत काहीतरी मोठे संकट आणावे लागते. असे संकट बहुतेक वेळा चोर किंवा अपहरणकर्ता या रूपात येते. इथे ते जागेच्या रूपाने आले, आणि ही निवड फार नेमकी आहे. कारण जोशीकाकू आणि चिंटू यांचे भांडण चालू राहायचे तर आधी चेंडू मारायला जागा हवी. मैदान गेले की काच फुटायची थांबते, काकूंची दुपार शांत होते, आणि वस्तीत मुलेच दिसेनाशी होतात. शेजाऱ्याचा राग हा खेळ चालू असल्याचा पुरावा असतो. तोच संपवून टाकणारा शत्रू चित्रपटाने उभा केला. त्यामुळे शेजारी आणि मूल यांच्यातली रेघ पुसट झाली आणि प्रेक्षकाला खेकसणारे शेजारीसुद्धा आपले वाटू लागले. गोडबोले यांच्या चित्रपटाचे मोल या एका गोष्टीत आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अभिनय, गाणी, चुरचुरीत संवाद हे सगळे त्यानंतर.

मुलांची निवड चांगली साधली आहे. शुभंकर अत्रे चित्रातल्या चिंटूची नक्कल करत नाही. त्याचा निरागस चेहरा आणि त्याआडून डोकावणारा चावटपणा त्याचा स्वतःचा आहे. रुमानी खरे (नेहा) आणि इतर मुलेही पाठ केलेले बोलत आहेत असे वाटत नाही. मराठी बालचित्रपटांत आणि बालनाट्यांत मुलांच्या तोंडी मोठ्यांची वाक्ये घालण्याची जुनी खोड आहे, ती इथे बरीच आवरली आहे. नाटककार म्हणून गाजलेले सतीश आळेकर कर्नलकाकांच्या भूमिकेत आहेत. उत्तरार्धात मात्र दादा मंडळींचे प्रसंग लांबतात आणि त्यांचा विनोद मुलांच्या विनोदापेक्षा भडक होतो.

पाश्चात्त्य भावंड : या प्रकारातले जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे. हँक केचम यांची 'डेनिस द मेनेस' ही चित्रमालिका १२ मार्च १९५१ रोजी तिथल्या वर्तमानपत्रांत सुरू झाली. केचम यांचा चार वर्षांचा मुलगा डेनिस याने झोपायच्या वेळी खोलीची वाताहत केली, त्यावरून वैतागलेली आई जे बोलली त्यातून मालिकेला नाव मिळाले. नवल असे, की त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये 'बीनो' या साप्ताहिकात त्याच नावाचा दुसरा खोडकर मुलगा अवतरला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. अमेरिकन डेनिसवर १९५९ ते १९६३ दूरचित्रवाणी मालिका चालली, आणि १९९३ साली जॉन ह्यूज यांच्या पटकथेवर निक कॅसल यांनी चित्रपट काढला. मेसन गँबल हा डेनिस आणि वॉल्टर मॅथाउ हे शेजारचे विल्सन. ब्रिटनमध्ये तिथल्या डेनिसशी गोंधळ नको म्हणून चित्रपट नुसत्या 'डेनिस' या नावाने दाखवावा लागला.

त्यातला एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. निवृत्त विल्सन यांनी चाळीस वर्षे जपलेले एक रोप एका रात्री, क्षणभरच फुलणार आहे. पाहुणे बोलावले आहेत, बागेत खुर्च्या मांडल्या आहेत. फूल उमलू लागते आणि नेमका तेव्हा डेनिस धावत येऊन घरात चोर शिरल्याचे ओरडतो. सगळ्यांच्या माना वळतात. पुन्हा फुलाकडे पाहीपर्यंत ते मिटून गेलेले असते. विल्सन मुलाला जे बोलतात ते इतके कडू आहे, की तिथे हसू थांबते. मूल घर सोडून निघून जाते आणि रात्रभर त्याला शोधत फिरणाऱ्यांत विल्सन असतात.

विल्सन आणि जोशीकाकू यांच्यात मोठा फरक आहे. विल्सन यांचे घर स्वतंत्र, भोवती हिरवळ, मधे कुंपण. डेनिस कुंपण ओलांडून येतो तेव्हा तो त्यांच्या एकांतात शिरतो. काकूंना असा एकांत मिळालेलाच नाही. जिन्यावर, गच्चीवर, नळावर चिंटूची आई त्यांना रोज भेटते. मुलावर ओरडणाऱ्या काकू संध्याकाळी त्याच घरात वाटीभर साखर मागायला जाऊ शकतात. विल्सन आणि डेनिस यांना जवळ आणायला चोर आणि हरवलेले मूल लागले. काकू आणि चिंटू यांना जवळ आणायला संक्रांतीचा तिळगूळही पुरतो. मराठी वस्तीतला शेजारी एकटा खलनायक होऊ शकत नाही, आणि म्हणूनच चित्रपटाला खलनायक बाहेरून आणावा लागला.

मराठी पूर्वज : चिंटूच्या आधी मराठीत वात्रट मुले पुष्कळ झाली, पण त्यांचा वात्रटपणा सहसा सद्गुणांत गुंडाळलेला असे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' हूड असला तरी दुसऱ्याच्या मदतीला धावणारा, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे साहसी. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या, म्हणजेच चिन्मयानंद सातबंडे, उपद्व्यापी पण मनाने सरळ. बोक्यावर २००९ साली राज पेंढुरकर यांनी चित्रपट काढला. चिंटू या मुलांपेक्षा आळशी आहे, खोटे बोलतो, अभ्यासात यथातथाच आहे, आणि त्याबद्दल त्याला कुणी सुधारत नाही. मराठी बालवाङ्मयात ही मोकळीक उशिरा आली, आणि आली ती वर्तमानपत्रातून.

परभणीच्या अंगाने : चिंटूची वस्ती पुणेरी आहे, त्याची बोलीही पुणेरी. मराठवाड्यातल्या परभणीच्या मुलाला 'अरे ए, इकडे ये की बे' अशी हाक मारणारा मित्र त्या चौकटीत सापडत नाही. तरी भांडण ओळखीचे आहे. परभणी जिल्हा १८ लाख लोकसंख्येचा, शहर ३ लाखांवरचे (२०११ची जनगणना). त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वसमत रोड, जिंतूर रोड या बाजूंना नव्या वसाहती पसरल्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे मुलांचा खेळ सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर. खेळ चालतो गल्लीत किंवा न बांधलेल्या प्लॉटवर. गल्लीचे नियम ठरलेले असतात : एका टप्प्यानंतर चेंडू एका हाताने झेलला तर आउट; थेट कंपाउंडमध्ये गेला तर मारणाराच आउट; आणि आणायलाही त्यानेच जायचे. हा तिसरा नियम शेजाऱ्याच्या रागावर उभा आहे. घरमालक तापट असेल तर मुले त्या बाजूला फटका मारतच नाहीत. सगळी मैदानाची रचना त्या एका माणसाच्या स्वभावाप्रमाणे ठरते. फलंदाज उभा करताना त्याची पाठ कोणत्या फाटकाकडे असावी, हे नवीन मुलाला पहिल्या दिवशी शिकवले जाते.

प्लॉटवर घर उठले की खेळ पुढच्या प्लॉटवर सरकतो, आणि तो संपला की रस्त्यावर येतो. कायद्याने याची सोय केली आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या अभिन्यासात १० टक्के जागा खुली सोडावी लागते. लोक तिला 'ओपन स्पेस' म्हणतात. नकाशात ती असते. प्रत्यक्षात ती झुडपांनी भरते, बांधकामाचा राडारोडा तिथे पडतो, कुणाची तरी टपरी बसते. चित्रपटातली चायनीजची गाडी आणि ही टपरी यांत काही फरक नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात हा चित्रपट केला असता तर त्याची गोष्ट बदलली नसती; फक्त मुलांच्या तोंडची भाषा आणि उन्हाची वेळ बदलली असती. असा चित्रपट अजून व्हायचा आहे आणि तो व्हायला हवा. मराठवाड्यातील मूल मराठी पडद्यावर दिसते ते बहुधा दुष्काळाच्या, आत्महत्येच्या, शाळा सुटण्याच्या कथेत. ते दुःख खरे आहे. पण त्याच मुलाने शेजारच्या मामींच्या झाडाच्या कैऱ्या पाडल्या, त्या ओरडत बाहेर आल्या आणि त्यांनीच त्यातल्या चार कैऱ्या तिखट-मीठ लावून परत दिल्या, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याला पडद्यावर फार थोडी जागा मिळाली आहे.

पुढील चित्रपट : 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' हा दुसरा भाग १९ एप्रिल २०१३ रोजी, पुन्हा सुट्टीच्या तोंडावर आला. दिग्दर्शन गोडबोले यांचेच, मुलेही बहुतेक तीच. या वेळी टोळी शिबिराला जाते आणि खजिन्याच्या मागे लागते. साहस वाढले, देखावे वाढले. पण वस्ती मागे राहिली आणि तिच्याबरोबर खिडकी, काच, दुपारची झोप, ओरडणाऱ्या काकू हे सगळेच मागे राहिले. कोणत्याही शूर मुलाला घडू शकेल अशी ती गोष्ट झाली. चिंटूलाच घडेल अशी राहिली नाही. त्यामुळे दोन्हींपैकी एकच पाहायचा असेल तर पहिला पाहावा, आणि तो पाहण्याआधी मुलांच्या हाती चित्रमालिकेचा एखादा संग्रह द्यावा.