सांध्यापाशीं हरवणारा वेग

कोल्हापूर संस्थानची आगगाडी १८९१ सालीं मिरजेपासून करवीर नगरीपर्यंत धावूं लागली. तिचे रूळ मीटर गेजचे. पुण्याहून मुंबईकडे जाणारे मात्र ब्रॉड गेजचे. त्यामुळें १९७१ च्या सुमारास हा मार्ग रुंद होईपर्यंत कोल्हापूरची गुळाची ढेप आगगाडीनें मुंबईस धाडावयाची झाल्यास ती वाटेंत एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावी लागे. इंजिनें कितीहि बलवान् आणिलीं तरी त्या जागच्या हमालांच्या हातांहून मालाची गति अधिक होऊं शकत नसे. वेग रस्त्यांत हरवतो त्याहून अधिक तो सांध्यापाशीं हरवतो, हा दळणवळणाच्या इतिहासाचा जुना धडा आहे. संगणकांच्या जाळ्याचा इतिहास ही त्याच धड्याची नवी आवृत्ति होय, असें आम्हांस वाटतें.

संगणक ज्या ठिकाणीं जाळ्याच्या तारेस जोडला जातो त्या सांध्यास इंटरफेस म्हणतात. संगणकाचा कारभार चालविणारी युनिक्स ही प्रणाली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं जन्मास आली. बर्कले येथील विद्यापीठानें १९८३ च्या ऑगस्टांत तिची जी ४.२ आवृत्ति काढली, तींत आजच्या इंटरनेटचे नियम अंतर्भूत होते आणि 'इफकॉन्फिग' नांवाची आज्ञाहि होती. सांध्यास पत्ता द्यावा, तो उघडावा किंवा मिटावा, एवढें तिचें काम. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत माइक म्यूस यांनीं 'पिंग' हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पलीकडच्या यंत्रास हांक मारावयाची आणि प्रतिसाद किती वेळानें आला तें मोजावयाचें, हें त्याचें कार्य. सांधा जुळविण्याचें व तो पारखण्याचें अशीं दोन्हीं साधनें एकाच वर्षीं निर्माण झालीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पारख किती आवश्यक, तें लवकरच दिसून आलें. १९८६ च्या ऑक्टोबरांत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिच्यापासून अवघ्या चारशें यार्डांवरील विद्यापीठ यांमधील वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार शाबूत होती. उत्तर वेळेवर न आल्यामुळें प्रत्येक यंत्र तोच मजकूर पुनःपुन्हां पाठवी आणि गर्दींत गर्दी वाढवी. व्हॅन जेकबसन यांनीं मोजमापांवरून हें निदान केलें व १९८८ सालीं त्यावरील उपाय प्रसिद्ध केला. आरंभीं हळू चालावें, वाट मोकळी दिसेल तसा वेग वाढवावा, हें त्याचें सार होय.

पुढें तारा झपाट्यानें वेगवान् झाल्या. १९८० सालीं इथरनेटचा वेग सेकंदास एक कोटि बिट होता. १९९८ सालीं तो शंभर कोटि, व २००२ सालीं हजार कोटि झाला. या शेवटच्या वेगानें १५०० बाइटांचीं पॅकेटें सेकंदास आठ लाखांहून अधिक येतात. प्रत्येक पॅकेटाच्या आगमनाची वर्दी स्वतंत्रपणें देऊं लागल्यास संगणकास दुसरें काम उरणार नाहीं. म्हणून लिनक्ससारख्या युनिक्सवंशीय प्रणालींत पॅकेटें घोळक्यानें स्वीकारण्याची सोय झाली. कोठें पॅकेटाचा आकार ९००० बाइटांपर्यंत वाढविण्यांत आला. परंतु वाटेंतील एकच उपकरण १५०० वर अडून बसलें, कीं मीटर गेजचा अनुभव पुन्हां येतो. लहानसा पिंग सुखरूप जातो, मोठी फाईल मात्र अडून राहते, आणि पाहणारा बुचकळ्यांत पडतो.

दुसरी अडचण अंतराची. जुन्या नियमांप्रमाणें पोंच मिळण्यापूर्वीं ६५,५३५ बाइटच पुढें पाठवितां येत. अमेरिकेहून पोंच येण्यास सेकंदाचा पांचवा हिस्सा लागतो असें धरल्यास, शंभर कोटि बिटांच्या मार्गावर एका संभाषणास सव्वीस लाखांच्या आसपासच बिट मिळतात! १९९२ सालीं ही मर्यादा वाढविण्याची तरतूद झाली. तथापि एवढा मार्ग भरून वाहावा म्हणून दोन्हीं टोंकांस अडीच कोटि बाइटांची सांठवण राखावी लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईहून अमेरिकेशीं जोडणी झाली ती ९६०० बिटांची होती. तेव्हां रस्ताच अरुंद, म्हणून सांध्याचा दोष झांकून राही.

आपल्या प्रांतांत या शास्त्राची कठोर परीक्षा नारायणगांवाजवळील खोडद येथें झाली. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या, ३० तबकड्यांचे संकेत एकत्र करण्यासाठीं ४८ लिनक्स संगणकांचा समूह, गिगाबिट सांध्यांच्या दुहेरी जोडणीसह, उभारण्यांत आला. त्याचें वर्णन २०१० सालीं प्रसिद्ध झालें. फाईल पुन्हां मागवितां येते; आकाशांतील क्षण पुन्हां मागवितां येत नाहीं. तेथें सांध्यापाशीं सांडलेलें पॅकेट कायमचें गेलें.

त्याच २०१० सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास मान्यता दिली आणि विद्यापीठांच्या दारीं गिगाबिटांचा राजमार्ग येऊं लागला. असा मार्ग सार्वजनिक पैशानें येतो, म्हणून तो स्वीकारतांना पारखून घेणें हें कर्तव्य ठरतें. प्रथम सांध्यानें शेजाऱ्याशीं कोणता वेग ठरविला तें पाहावें. मग चुकांची नोंद वाचावी. नंतर दोन यंत्रांच्या स्मृतींमध्यें, चकती मध्यें न आणतां, मजकूर वाहवून वेग मोजावा. एका वेळीं एकच बदल करावा, आणि आंकडा वहींत लिहून ठेवावा. पाटीवरील वेग हें विकणाऱ्याचें वचन आहे. विद्यार्थ्याच्या हातीं किती पडतें, तें ही वहीच सांगेल.